बुद्धी मोजणारा सावध माणूस

दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीचा दिवस असला, की जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात सकाळपासून गर्दी असते. नंदुरबारमध्ये त्या गर्दीत धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तळोदा इकडची बरीच माणसे असतात. पाड्यावरून पहाटे निघून, गाड्या बदलत आलेली. त्यात एखादी आई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन बसलेली असते. मूल शाळेत मागे पडते, सांगितलेले त्याच्या लक्षात राहत नाही, म्हणून गुरुजींनी पाठवलेले असते. आत मानसशास्त्रज्ञ मुलापुढे चित्रे ठेवतात, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणायला सांगतात, दोन वस्तूंतला फरक विचारतात. एखादे विसंगत वाक्य सांगून त्यात काय चुकले, ते ओळखायला लावतात. तपासणी संपते तेव्हा कागदावर एक आकडा आलेला असतो. तो म्हणजे बुद्ध्यांक, आयक्यू. प्रमाणपत्र, मासिक अनुदान, शाळेतल्या सवलती या साऱ्यांची वाट त्या आकड्यावरून जाते. मुलाकडे पाहण्याची घरच्यांची आणि गावाची नजरही त्यावरून ठरते.

ही पद्धत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये तयार झाली आणि धारवाडमार्गे मराठीत आली. ती तयार करणाऱ्या आल्फ्रेड बिने यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी अर्ध्यावर सोडले होते. आणि मोजमापाच्या बाबतीत ते आयुष्यात दोनदा फसले होते. त्यांनी बनवलेली मोजपट्टी नीट वापरायची, तर हे फसणेही माहीत असायला हवे.

धूर दिसला की अग्नी

बिने यांचा जन्म जुलै १८५७ मध्ये नीस येथे झाला. आज फ्रान्समध्ये असलेले हे शहर तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होते. वडील डॉक्टर, आई चित्रकार. दोघांचे पटले नाही, ते वेगळे झाले आणि मुलगा आईजवळ वाढला. लहानपणी आल्फ्रेड भित्रा होता. त्याची भीती मोडावी म्हणून वडिलांनी त्याला प्रेताला हात लावायला लावला, अशी हकिकत त्यांच्याविषयी सांगितली जाते.

पंधरा वर्षांचे असताना ते शिक्षणासाठी आईबरोबर पॅरिसला आले. १८७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. वैद्यकाकडे वळले, तेही सुटले. मग हा विशीतला तरुण पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसू लागला आणि कोणा गुरूशिवाय मानसशास्त्र वाचू लागला. जॉन स्टुअर्ट मिल यांच्या लिखाणाने त्यांच्यावर मोठा ठसा उमटवला. माणूस विचार कसा करतो, एका गोष्टीवरून दुसरीचे अनुमान कसे काढतो, हा प्रश्न त्यांना तिथे भेटला आणि अखेरपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राला हा प्रश्न जुना आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमानाचे ठरलेले उदाहरण. सातपुड्यातल्या गुराख्याला ते कोणी शिकवावे लागत नाही. बिने यांचे म्हणणे असे, की नुसते पाहणे हेही एक प्रकारचे अनुमानच असते. डोळ्याला थोडे दिसते आणि उरलेले मन आपल्या जुन्या अनुभवातून भरून काढते. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे पहिले पुस्तक तर्काच्या मानसशास्त्रावरच होते. फक्त त्यासाठी त्यांनी जो आधार घेतला, तो ठिसूळ निघाला.

लोहचुंबकाने केलेली फसगत

त्या काळी पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ मार्तँ शार्को या विख्यात मेंदूविकारतज्ज्ञाचा दबदबा होता. उन्मादाचे, म्हणजे हिस्टेरियाचे निदान झालेल्या स्त्रियांना संमोहित करून तिथे प्रयोग चालत. १८८३च्या सुमारास बिने तिथे काम करू लागले आणि सात वर्षे राहिले. शार्ल फेरे या डॉक्टरांबरोबर त्यांनी एक विलक्षण शोध जाहीर केला. संमोहित स्त्रीच्या शरीराजवळ लोहचुंबक फिरवला, की उजव्या हाताचा लुळेपणा डाव्या हातात जातो. इतकेच नव्हे, चुंबकाने मनातली भावनाही उलटते, आनंदाचे दुःख होते. १८८७ मध्ये दोघांनी मिळून यावर पुस्तक लिहिले.

बेल्जियममधले अभ्यासक जोसेफ देलबफ यांना हे पटेना. ते स्वतः पॅरिसला आले आणि प्रयोग बघत बसले. त्यांच्या लक्षात आले, की चुंबक त्या स्त्रीच्या डोळ्यांसमोर उघडपणे फिरवला जातो. पुढे काय घडणार आहे, याची चर्चाही तिच्यादेखतच होते. तिला काय करायचे आहे हे तिला आधीच कळत होते. पेशंटला काही कळू न देता प्रयोग केला, तेव्हा चुंबकाचा प्रभाव नाहीसा झाला. काम चुंबकाचे नव्हते, डॉक्टरांच्या अपेक्षेचे होते.

बिने यांनी सुरुवातीला जोरदार वाद घातला. पण अखेरीस चूक कबूल केली, तीही जाहीरपणे. तोवर नाव बरेच खराब झाले होते. १८९० मध्ये त्यांनी साल्पेत्रिएर सोडले. आज औषधाची चाचणी करताना शक्यतो खरे औषध कोणाला दिले आणि साधी गोळी कोणाला, हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही कळू दिले जात नाही. तपासणाऱ्याची अपेक्षा निकालात मिसळते, हे अशाच अनुभवांतून वैद्यक शिकले. बिने यांना तो धडा फार महागात मिळाला.

घरातल्या दोन मुली

दरम्यान १८८४ मध्ये त्यांचे लग्न झाले होते. पत्नी लॉर ही भ्रूणशास्त्रज्ञ बाल्बियानी यांची मुलगी. त्यांना दोन मुली झाल्या, मादलेन आणि आलीस. रुग्णालय सुटले आणि बिने यांचे लक्ष घरात रांगणाऱ्या, चालू लागलेल्या या मुलींकडे गेले.

थोरली चालायला शिकताना आधी पक्का आधार धरी, पुढची जागा नजरेने हेरी आणि मगच पाऊल टाकी. धाकटी हसत, झोकांड्या खात खोलीच्या मधोमध धाव घेई. आईबाप तेच, घर तेच, तरी दोघींची रीत वेगळी. मग बिने त्यांना छोटे छोटे प्रश्न देऊ लागले. दोन रेघांत लांब कोणती, हे लहान मुलगी जवळपास मोठ्या माणसाइतके अचूक सांगते, असे त्यांना आढळले. पण सुरी म्हणजे काय, असे विचारले तर ती सुरीचा उपयोग सांगते. वस्तूची व्याख्या तिला जमत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघाली. त्या काळात इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन आणि त्यांचे अनुयायी बुद्धीचा माग काढण्यासाठी नजर, कान, हाताची पकड आणि प्रतिक्रियेचा वेग मोजत होते. बिने यांच्या घरातला अनुभव सांगत होता, की मुलाचे मन आणि मोठ्याचे मन यांतला फरक तिथे नाहीच. तो आहे समजण्यात, ताडून पाहण्यात आणि तर्क करण्यात. बुद्धी मोजायची असेल तर थेट या गुंतागुंतीच्या कामांनाच हात घालावा लागेल.

१८९१ मध्ये एका रेल्वे स्थानकावर त्यांची गाठ सॉरबॉन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेचे प्रमुख आंरी बोनी यांच्याशी पडली. बिने यांनी तिथे बिनपगारी काम करण्याची तयारी दाखवली. काही वर्षांतच ते त्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले आणि १८९५ मध्ये बोनी यांच्यासह त्यांनी मानसशास्त्राचे वार्षिक सुरू केले. डोळ्यांवर पट्टी बांधून बुद्धिबळ खेळणारे खेळाडू आणि मोठमोठे गुणाकार तोंडी करणारे गणिती यांचा त्यांनी अभ्यास केला. पण फ्रान्समध्ये प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळाले नाही.

डोकी मोजून झाली

दुसरी फसगत व्हायची होती. मोठे डोके म्हणजे मोठी बुद्धी, असे त्या काळी फ्रेंच शास्त्रज्ञांत ठामपणे मानले जाई. शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी कवटी मोजण्याचे शास्त्रच उभे केले होते. बिने यांचाही त्यावर विश्वास होता. १८९८च्या सुमारास ते मोजपट्टी घेऊन पॅरिसच्या परिसरातल्या शाळांत गेले. गुरुजींनी हुशार म्हणून निवडलेली मुले एका बाजूला, मागे पडलेली दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या डोक्यांची मापे घेतली.

फरक निघाला तो जेमतेम मिलिमीटरचा. पण बिने यांना अस्वस्थ केले ते वेगळ्याच गोष्टीने. मोजताना हुशार मूल कोणते, हे त्यांना आधीच ठाऊक असे. तीच डोकी पुन्हा मोजली तर आकडे हलत. आपला हातच नकळत अपेक्षेच्या दिशेने झुकतो की काय, अशी शंका त्यांना आली. लोहचुंबकाचा धडा ताजा होता. त्यांनी ही शंका दडवली नाही, छापली, आणि डोकी मोजायचे सोडून दिले.

तीस पायऱ्यांची पट्टी

फ्रान्समध्ये १८८२ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. जी मुले कधी शाळेच्या दारात आली नसती, तीही वर्गात बसू लागली आणि काहींना शिकणे जमेना. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानंतर पाड्यापाड्यांवरच्या शाळांत जो प्रश्न उभा राहिला, तोच हा. १९०४ मध्ये शिक्षणमंत्र्यांनी एक आयोग नेमला. त्यात बिने होते. खरोखर वेगळ्या शिकवणीची गरज असलेली मुले ओळखायची कशी, हा आयोगापुढचा प्रश्न.

गुरुजींच्या शब्दावर सोडायचे, तर वर्गात त्रास देणारे मूल बाहेर काढले जाण्याची भीती होती. डॉक्टरांवर सोडायचे, तर तिथेही गोंधळच होता. एकाच मुलाला दोन डॉक्टर दोन वेगवेगळी नावे देत. बिने यांनी डॉक्टरांच्या या मोघमपणावर कडक टीका केली. मुलाच्या कपाळी चुकीचा शिक्का बसू नये, यासाठी सर्वांना एकसारखी तपासणी हवी होती.

थिओडोर सिमॉन हे तरुण डॉक्टर मतिमंद मुलांच्या संस्थेत काम करत आणि काही वर्षांपूर्वीच बिने यांच्याकडे येऊ लागले होते. दोघांनी मिळून १९०५ मध्ये तीस कामांची एक चाचणी प्रसिद्ध केली. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी. पहिल्या कामात पेटती काडी हलवायची आणि मुलाची नजर तिच्यामागे जाते का, ते बघायचे. मग शरीराचे अवयव दाखवणे, तीन आकडे ऐकून म्हणणे, माशी आणि फुलपाखरू यांतला फरक सांगणे, अर्धवट वाक्य पुरे करणे. शेवटी दोन अमूर्त कल्पनांतला भेद. कोणतेही एक काम म्हणजे बुद्धी नव्हे. पण वेगवेगळ्या जातीची बरीच कामे दिली, तर एखाद्यातली योगायोगाची चूक किंवा नशिबाची साथ फारशी उरत नाही, हे त्यामागचे सूत्र.

१९०८ मध्ये त्यांनी ही कामे वयानुसार लावली. तीन वर्षांची मुले साधारणपणे काय करतात, पाच वर्षांची काय, अकरा वर्षांची काय. त्या वयाच्या बहुतेक मुलांना जे जमते, ते त्या वयाचे काम. त्यात मोठ्या मुलांसाठी तर्काची खास परीक्षा होती. एखादा मुलगा आपल्याला तीन भाऊ आहेत असे सांगतो आणि नावे मोजताना त्यात स्वतःलाही धरतो, तर त्यात चूक काय? याला पाठांतर लागत नाही. वाक्यातली विसंगती दिसावी लागते. तर्कशक्तीचे मापन ज्याला म्हणतात, त्याचे मूळ रूप हेच. नंतरच्या चाचण्यांतही अशी वाक्ये टिकून राहिली.

तपासणी कशी करायची, याच्या सूचनाही त्यांनी लिहून ठेवल्या. खोली शांत हवी. मूल पहिल्यांदाच आले असेल तर त्याच्या ओळखीचे कोणी सोबत असावे. आधी त्याची भीड चेपू द्यावी. उत्तर चुकले तरी रागवू नये, धीर द्यावा. पण उत्तर सुचवूही नये. अपेक्षा निकालात कशी शिरते, हे स्वतःच्या अंगावर अनुभवलेल्या माणसाच्या या सूचना होत्या.

आकडा म्हणजे उंची नव्हे

या पट्टीत नेमके काय मोजले जाते? अंगणवाडीतला वाढीचा तक्ता आठवावा. मुलाचे वजन त्याच वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत कुठे बसते, हे त्यावर दिसते. पण वजन निदान किलोत तरी असते. बुद्धीच्या चाचणीत फक्त तुलनाच असते. शंभर या आकड्याचा अर्थ एवढाच, की हे मूल आपल्या वयाच्या सरासरी मुलाइतकी कामे करते. आजच्या बहुतेक चाचण्यांत सत्तरच्या आसपास आणि खाली बौद्धिक अक्षमतेचा विचार सुरू होतो. चाचणी पुन्हा घेतली तर आकडा थोडा खालीवर होऊ शकतो. बिने यांना ही मर्यादा स्पष्ट दिसत होती. एखाद्या रेघेची लांबी मोजावी तशी बुद्धी मोजता येत नाही, हे त्यांनी आवर्जून नोंदवले.

तुलना कोणाशी करायची, हा पेचही त्यांच्या हयातीतच पुढे आला. ब्रसेल्समध्ये डेक्रोली आणि देगाँ यांनी हीच चाचणी सुखवस्तू, शिकलेल्या घरांतल्या मुलांना दिली. ती मुले पॅरिसच्या गरीब वस्तीतल्या मुलांपेक्षा साधारण दीड वर्षाने पुढे निघाली. ज्या घरात दिवसभर भाषेशी खेळणे चालते, तिथल्या मुलाला शब्दांचे प्रश्न सोपे जातात, हे बिने यांनी मान्य केले. १९११च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी वाचन-लेखनासारखी निव्वळ शाळेवर अवलंबून असलेली कामे काढून टाकली.

त्यांच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची गोष्ट तपासणीनंतर येत होती. १९०९च्या पुस्तकात त्यांनी एका समजावर कडाडून टीका केली. बुद्धी जन्मतःच ठरते आणि तिच्यात वाढ होऊच शकत नाही, हा तो समज. वाकड्या पायाला जसा व्यायाम देतात, तसा मनालाही देता येतो, अशी त्यांची धारणा होती. मागे पडलेल्या मुलांच्या खास वर्गांत त्यासाठी खेळ घेतले जात. इशारा होताच जिथे असाल तिथे पुतळ्यासारखे उभे राहायचे, हा त्यातला एक. त्यातून मूल स्वतःला आवरायला आणि लक्ष टिकवायला शिके. म्हणजे मोजणी ही पहिली पायरी होती. दुसरी पायरी शिकवण्याची.

ऑक्टोबर १९११ मध्ये, वयाच्या ५४व्या वर्षी, बिने यांचे पॅरिसमध्ये निधन झाले.

पट्टी गेली, सूचना मागे राहिल्या

दुसऱ्याच वर्षी जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी चाचणीतून निघणाऱ्या वयाला खऱ्या वयाने भागायची रीत सुचवली. १९१६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणले आणि आयक्यू घरोघर पोहोचला. सिमॉन पुढे १९६१ पर्यंत जगले. एका आकड्यावर सगळे आणून ठेवणे त्यांना कधीच पटले नाही.

अमेरिकेतील व्हाइनलँड येथील संस्थेचे हेन्री गोडार्ड यांनी चाचणीचे भाषांतर केले, पण बुद्धी वारशाने मिळते आणि बदलत नाही, या उलट्या विश्वासाने ती वापरली. १९१३ पासून न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, बोटीतून नुकत्याच उतरलेल्या थकल्याभागल्या स्थलांतरितांना दुभाष्यांमार्फत हे प्रश्न विचारले गेले. निवडून तपासलेल्या गटांतली बहुसंख्य माणसे मंदबुद्धी ठरवण्यात आली. १९२७ मध्ये व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. तिला मंदबुद्धी ठरवताना बिने यांच्याच चाचणीची अमेरिकी आवृत्ती पुढे केली गेली होती. शाळेत मात्र ती बरोबरीच्या मुलींसारखीच शिकली होती. मदतीसाठी बनवलेले साधन शिक्षेचे झाले.

धारवाडहून सातपुड्यात

भारतात ही चाचणी रुजवण्याचे मोठे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या धारवाडमध्ये त्यांनी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांवर ती तपासून पाहिली, प्रश्न आपल्याकडच्या जीवनाला जुळवून घेतले आणि १९४० मध्ये त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. बिने-कामत या जोडनावाने ती चाचणी आजही रुग्णालयांत वापरात आहे. पुढे नागपूरच्या डॉ. ए. जे. मॅलिन यांनी आणखी एक बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली. रोजच्या जगण्यातली कौशल्ये, म्हणजे जेवणे, कपडे घालणे, दुकानात जाऊन सामान आणणे, जोखणारी व्हाइनलँडची मोजपट्टीही त्यांनीच इथे जुळवली.

आता पुन्हा नंदुरबार. जिल्ह्यात १० पैकी जवळपास ७ माणसे आदिवासी आहेत. घरात भिली, पावरी, मावची बोलली जाते. शाळेत जाईपर्यंत अनेक मुलांच्या कानावर प्रमाण मराठी फारशी पडलेली नसते. १९०८च्या चाचणीत एक प्रश्न होता, गाडी चुकली तर काय करावे? अपेक्षित उत्तर, पुढच्या गाडीची वाट पाहावी. धडगाव तालुक्यात रेल्वे नाही. तिथले मूल चालत जाईन म्हणाले, तर ते चुकले की त्याच्या जगातले बरोबर उत्तर त्याने दिले?

चित्रांच्या चाचण्यांनी यातून थोडी वाट निघते. ब्रिटनच्या जॉन रेव्हन यांनी १९३८ मध्ये केवळ आकृत्यांची कोडी असलेली चाचणी काढली. आकृत्यांच्या मांडणीतला नियम ओळखून मोकळ्या जागी काय बसेल, ते निवडायचे. शब्द लागत नाहीत. तरी ज्याने कागदावरचे कोडे कधी पाहिलेच नाही, त्याला तेही परकेच. १९३०च्या सुरुवातीला रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी उझबेकिस्तानच्या निरक्षर शेतकऱ्यांना तर्काचे कोडे घातले. दूर उत्तरेला सगळी अस्वले पांढरी असतात, अमुक गाव तिथेच आहे, तर तिथल्या अस्वलाचा रंग कोणता? अनेकांचे उत्तर असे, की आम्ही तिथे गेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा. रोजच्या व्यवहारात त्यांचा तर्क कुठे अडत नव्हता. न पाहिलेल्या गोष्टीवर बसल्या जागी तर्क लढवायची सवय शाळा लावते, आणि त्यांनी शाळा पाहिली नव्हती.

याचा अर्थ चाचणी घेऊ नये, असा नाही. ज्या मुलाला खरोखर बौद्धिक अक्षमता आहे, त्याला प्रमाणपत्र न मिळणे हाही अन्यायच. त्याची मदत बुडते आणि आळशी म्हणून तो रोज मार खातो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही बौद्धिक अक्षमता ठरवताना दोन गोष्टी एकत्र पाहायला सांगितल्या आहेत. एक, तर्क करणे, शिकणे, अडचण सोडवणे. दुसरी, रोजच्या जगण्यातली वागणूक. परीक्षेत अडखळणारे मूल घरी शेळ्या मोजून आणत असेल, धाकट्या भावंडाला सांभाळत असेल, बाजारात सुट्टे पैसे बरोबर परत घेत असेल, तर ते कागदावर यायला हवे.

त्याआधी काही साध्या तपासण्याही व्हायला हव्यात. मुलाला नीट ऐकू येते का, दिसते का. थायरॉइड कमी आहे का, झटके येतात का. सिकलसेलचा आजार असेल, तर त्याचा मेंदूवर परिणाम होऊ शकतो. रक्तक्षयाने आणि कुपोषणाने मूल मंद वाटू शकते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांबरोबर त्याची वर्षाचे सहा महिने शाळा बुडाली असेल, तर त्या रिकाम्या महिन्यांचा हिशेबही आकड्यात मिसळतो.

पालकांनी तपासणीला जाताना मुलाचे बोलणे समजणारे आणि त्याला रोज पाहणारे माणूस सोबत न्यावे. मग ती आजी असो, अंगणवाडी सेविका असो, नाहीतर गुरुजी. घरी कोणती बोली बोलतो, हे आधी सांगावे. मूल रात्रभर प्रवास करून आले असेल, उपाशी असेल, तापले असेल, तर दुसरा दिवस मागायला संकोच करू नये. काही वर्षांनी पुन्हा तपासणीची विनंती करता येते का, हे विचारून घ्यावे. आणि कागद हातात पडला, की तो पेटीत ठेवून मोकळे न होता, आता याला शिकवायचे कसे, एवढा एक प्रश्न समोरच्या डॉक्टरांना जरूर विचारावा. बिने यांनी पट्टी बनवली होती ती याच प्रश्नासाठी.